लाँग रनला ताशी किती ग्रॅम खाता?

पहाटपळ्या:
मुंबई मॅरेथॉनचा, म्हणजे जानेवारीचा तिसरा, रविवार जवळ आला की आमच्या ग्रुपवर बुटांची चर्चा पेटते. कार्बन प्लेट घ्यावी का, सेलमध्ये कितीला पडला, कुणाचं घड्याळ काय दाखवतं. बुटात हजारो रुपये घालणारी हीच मंडळी, खायचं काय विचारलं की "वाटेत देतात की काहीतरी" म्हणून मोकळी होतात. मुंबईत देतातही. भल्या सकाळी आख्खी कुटुंबं संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असतात, त्यांना दंडवत. पण पेडर रोडचा चढ परतताना दुसऱ्यांदा लागतो तेव्हा तिथे रांगच्या रांग चालत असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पायांना काहीही झालेलं नसतं. साखर संपलेली असते.

हिशोब साधा आहे. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) मावतं, म्हणजे सगळं मिळून २००० कॅलरी. पळायला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे अंदाजे १ कॅलरी लागते. ६५ किलोचा माणूस ४२.२ किलोमीटर पळाला की २७०० च्या वर गेला. चरबी काही भार उचलते, पण वेग वाढवला की तिचा वाटा कमी होतो. उरलेला खड्डा वाटेत खाऊनच भरावा लागतो.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनला तिथल्या डॉक्टरांनी अंतिम रेषेवर धावपटूंचं रक्त तपासलं, तर गळून गेलेल्यांची साखर फारच खाली आलेली. पुढच्या वर्षी त्यांनी काही जणांना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय जेवायला आणि वाटेत गोड गोळ्या चघळायला सांगितलं, आणि फरक दिसला. शंभर वर्षं झाली.

सध्याचा सर्वमान्य आकडा असा: तासाभराच्या पळण्याला काही नको. १ ते २.५ तासांसाठी ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब (साखर-पिष्ट). त्याहून लांब असेल तर ९० पर्यंत, पण मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत. आतडं एकट्या ग्लुकोजला ताशी ६० च्या आसपासच आत घेतं. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा आहे, त्यामुळे दोन्ही दिले की जास्त माल आत जातो. आणि आपली साधी साखर ही निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज! एनर्जी जेलच्या पाकिटावर जे 'ड्युअल सोर्स' म्हणून मिरवतात ते आपल्या डब्यात पडलेलंच असतं.

माझं रविवारचं: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर (वजनकाट्यावर मोजा, चमचे फसवतात), पाव चमचा मीठ, एक लिंबू. याची तीव्रता बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकइतकीच होते. मोठ्या केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास, वेलची केळ्यात त्याच्या निम्मं, एका जेलमध्ये २२ ते २५. चिक्की मात्र मी पळताना खात नाही. शेंगदाण्याचं तेल पोटात बसून राहतं. राजगिऱ्याचा लाडू तर अजिबात नाही. एकदा धावता धावता तोंडात टाकून बघा. टाळूला चिकटतो, श्वासाबरोबर एखादा दाणा भलतीकडे जातो आणि पुढचे दोनशे मीटर खोकण्यात जातात. बाकीचे बाजूने पळणारे "काका, ठीक आहात ना?" विचारतात ते वेगळंच.

तर मंडळी, आपापले आकडे टाका. "मला सूट होतं" एवढंच नको, ग्रॅम सांगा.

निवांत:
वाखुसा (वाचनखूण साठवली). मी फक्त लोकलमागे पळतो, पण वाचतोय.

रात्रसायकल:
छान धागा. सायकलवाल्यांची बाजू मांडतो. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, २०० किलोमीटरला १३.५ तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. इथे ताशी ग्रॅमचं गणित पहिल्या २०० पर्यंत सुरळीत चालतं. सायकलवर पोट हिंदकळत नाही, त्यामुळे पळणाऱ्यांपेक्षा आमच्या पोटात जास्त जातं. खरी गंमत पुढे. रात्री दोन-अडीचला गोडाचा असा वीट येतो की बाटलीचं झाकण उघडलं तरी मळमळतं. साखरपाणी, जेल, खजूर, काही नको होतं.

तिथे खारट लागतं. उकडलेले छोटे बटाटे, वरून मीठ, झिपलॉकच्या पिशवीत. १०० ग्रॅम बटाट्यात २० ग्रॅम कार्ब. इडली मिळाली तर उत्तम. दहीभात डब्यात असेल तर स्वर्ग. आणि गुळाची दशमी! आजी प्रवासाला बांधून द्यायची तीच. मऊ राहते, चुरा होत नाही, दुधात भिजवलेली असल्यामुळे घशाखाली सहज उतरते. तूप मात्र जरा हात राखून.

एक विनंती नवीन लोकांना. पहाटेच्या कंट्रोलला (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्याला) मिसळ दिसली की ताव मारू नका. तर्री डोळ्यांना बरी वाटते, पुढचा घाट तिच्यासकट चढावा लागतो.

जुना खेळाडू:
सगळं वाचलं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सकाळी भाकरी-दूध घ्यायचो आणि पळायचो. पळताना पाणीसुद्धा पीत नव्हतो. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला १९ वे आले, २ तास ५० मिनिटांत. त्यांच्याकडे कुठलं जेल होतं? हल्लीच्या पोरांना पळण्यापेक्षा सामान जास्त.

पहाटपळ्या:
काका, चौगुल्यांना आमचाही साष्टांग. त्या वर्षी अंतरही ४२.१९५ नव्हतं, ४२.७५ होतं, म्हणजे उलट जास्तच. पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे बघा. ते २ तास ५० मिनिटांत मोकळे झाले. आमच्यासारखा माणूस त्याच रस्त्यावर पाच तास असतो. लोकांना वाटतं जेल-बिल हे जोरात पळणाऱ्यांचे चोचले. सगळं मिळून जास्त शिदोरी लागते ती हळू पळणाऱ्याला, कारण तो उन्हात जास्त वेळ असतो. मुंबईत साडेनऊ-दहाला मरीन ड्राइव्हवर काय उकडतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि सकाळच्या भाकरी-दुधाबद्दल एक शब्द बोलणार नाही, तुमचा तो नाश्ता आजच्या अर्ध्या ग्रुपपेक्षा बरा होता. इथे लोक उपाशीपोटी ३० किलोमीटर मारतात आणि वर फोटो टाकतात.

जुना खेळाडू:
हे मात्र पटलं. उपाशीपोटी पळणं हा शुद्ध वेडेपणा. आमचे वस्ताद काठीच घेऊन यायचे.

आडगावचा डॉक्टर:
उशिरा आलो, पण दोन-तीन गोष्टी नोंदवून ठेवतो. शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत बसण्याचा अनुभव आहे, त्यावरून.

पहिली, पाणी. "तहान लागण्याआधी प्या, जमेल तितकं प्या" हा सल्ला अजूनही फिरतोय. कृपया बंद करा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम १३५ किंवा त्याहून खाली, म्हणजे नको इतकं कमी, निघालं. सर्वांत ठळक कारण काय, तर शर्यतीत वजन वाढणं. म्हणजे घामावाटे गेलं त्याहून जास्त प्यायले होते. चार तासांहून जास्त वेळ लागणारे यात जास्त. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू सोडियम उतरून दगावली. लक्षणं फसवी असतात: डोकं दुखणं, उलटी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मग असंबद्ध बोलणं. बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलं, आणि तो आणखी एक बाटली पाजतो. असं काही दिसलं तर साधं पाणी पाजू नका, तंबूत आणा.

आपल्याला किती लागतं हे काढायला वजनकाटा पुरे. लाँग रनच्या आधी आणि नंतर, कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. १ किलो कमी झालं म्हणजे १ लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं मिळवा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे आणि मुंबईत मे महिन्यात एकाच माणसाचे आकडे कितीतरी वेगळे येतील. घाम गेला तेवढा सगळा भरून काढायचाही नाही. थोडं वजन उतरलं तर बिघडत नाही, वाढलं तर बिघडतं.

दुसरी, ओआरएस. हे हगवणीचं औषध आहे आणि त्या कामाला त्याला तोड नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच्या जोरावर असंख्य जीव वाचवले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. म्हणजे मीठ मिळेल, ताकद नाही. "ओआरएस प्यायलो तरी पाय चालेनात" म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. आणि १ लिटरची पुडी २०० मिलीत कालवून पिणारे महाभाग प्रत्येक शर्यतीत भेटतात. इतकं खारट पाणी आतड्यात उलट पाणी ओढतं, मग रांग कुठे लागते ते सांगायला नको.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर: शर्यतीआधी किंवा मध्येच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो, त्यावर ही गोळी. सोडियम उतरण्याचा धोकाही वाढतो. गुडघा गोळीशिवाय चालत नसेल तर त्या दिवशी पळू नका. दुसऱ्या दिवशी लघवी कोलासारखी गडद झाली तर नेटवर शोधत बसू नका, सरळ रुग्णालयात.

मीठभाकरी:
डॉक, शहाळ्याचं काय? आमच्याकडे कोकणात पळून आलं की शहाळंच.

आडगावचा डॉक्टर:
प्या की. फक्त त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. चिमूटभर मीठ टाका किंवा सोबत पोहे-उपमा खा, काम झालं.

निशिगंधा_:
या धाग्यात अजून एकही बाई बोललेली नाही म्हणून लिहिते.

आमच्या ग्रुपमधल्या निम्म्याजणी पळायला लागल्या त्या वजन कमी करायला. मग पळणं आवडायला लागलं, हाफ झाली, फुलची तयारी सुरू झाली, पण रात्रीचं जेवण बंद ते बंदच. आठवड्याला ५० किलोमीटर आणि रात्री एक वाटी सूप! कुणी विचारलं तर "हलकं वाटतं." सहा महिन्यांनी नडगीत दुखायला लागतं, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघतं आणि दोष बुटांना. पाळी अनियमित झालेली असते ते कुणी बोलतच नाही. उलट "बरं झालं, कटकट गेली" असं ऐकलंय मी.

याला आता नाव आहे, रेड-एस. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये यावर पहिलं निवेदन काढलं. व्यायामाला जाणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामाला पुरेसं उरत नसेल तर शरीर एकेक खातं बंद करत जातं: पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, झोप. पुरुषांनाही होतं, फक्त त्यांना पाळीची धोक्याची घंटा नाही. पाळी तीन महिने आली नाही तर "ट्रेनिंग जोरात चाललंय" समजू नका, डॉक्टरांकडे जा आणि आधी जेवा.

दुसरं लोह. माझं हिमोग्लोबिन १२ च्या वर होतं, रिपोर्टवर सगळं हिरवं. तरी चढावर दम लागायचा, केस गळायचे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवतं ते) तपासलं तर ९. साठा रिकामा, पण हिमोग्लोबिन अजून पडायचं होतं. शाकाहारी बायकांनी नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नये. दाणदाण पळल्यानंतर काही तास शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते लोहाचं शोषण अडवतं. आणि आपण नेमकं तेव्हाच काय करतो? पळून येतो, टपरीवर गोल करून चहा मारतो, सोबत पोहे. चहातलं टॅनिन उरलंसुरलं लोह अडवतं. चहा तासभर पुढे ढकला, पोह्यांवर लिंबू पिळा. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, लोह जास्त झालेलंही चांगलं नाही.

आणि कृपया बीट सुचवू नका. लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. नाचणीही लोहासाठी नव्हे, तिचं कौतुक कॅल्शियमसाठी. अळिवाचा लाडू मात्र खरोखर कामाचा.

अबोली:
निशिगंधा, +१००. "जेवण बंद" ग्रुपमधली एक मीच. आजच फेरिटिन करून घेते.

गोडखाऊ:
माझा प्रश्न वेगळा आहे. वय ५२, टाईप २ मधुमेह, गोळ्या चालू. दोन हाफ झाल्यात. साखरपाण्याचं वाचून पोटात गोळा आला. आम्ही काय करायचं?

आडगावचा डॉक्टर:
गोडखाऊ, गोळी कुठली यावर अवलंबून आहे. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर पळताना साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइडच्या गटातली गोळी किंवा इन्सुलिन असेल तर धोका खरा आहे, लाँग रनच्या दिवशी डोस कमी करायचा का ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढतो, त्यामुळे पळताना घेतलेले २०-३० ग्रॅम आणि सोफ्यावर बसून घेतलेले २०-३० ग्रॅम यांत फरक आहे. ग्लुकोमीटरने आधी, मध्ये, नंतर मोजून स्वतःचा तक्ता करा. खिशात ग्लुकोज आणि हातात आजाराची माहिती असलेला पट्टा हवाच. पळून आल्यावर रात्रीही साखर उतरू शकते, हे घरच्यांना सांगून ठेवा.

डर्बनकर:
नमस्कार, नोकरीनिमित्त इथे दक्षिण आफ्रिकेत आहे. कॉम्रेड्स या इथल्या अल्ट्रामॅरेथॉनला दरवर्षी भारतातून शेकडो जण येतात आणि रस्त्यात मराठी ऐकू येतं, म्हणून लिहितोय. डर्बन ते पीटरमॅरित्झबर्ग, कधी चढाचं तर कधी उताराचं वर्ष, ८५ ते ९० किलोमीटर, १२ तास. इथे टेबलांवर पाणी पेल्यात नव्हे, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळतं. दाताने कोपरा फोडायचा आणि पिळायचं. पहिल्यांदा येणाऱ्यांची नाकात पाणी जाऊन तारांबळ उडते, घरी सराव करून या. आणि रात्रसायकल, तुमचे उकडलेले बटाटे इथेही आहेत, मीठ लावून!

भारतातून येणाऱ्यांची एक गोष्ट खटकते. इथल्या टेबलवर जे असेल ते पहिल्यांदाच तोंडात टाकतात. आतड्यालाही सराव लागतो. काही आठवडे दर लाँग रनला ताशी ४०, मग ५०, मग ६० असं वाढवत नेलं तर ते जास्त साखर पेलायला शिकतं. पाय चार महिने तयार करायचे आणि पोटाची परीक्षा थेट शर्यतीत, हे काही बरोबर नाही.

मीठभाकरी:
आणि पायात गोळे येतात त्याचं? आमचा कोच लोणच्याचा खार प्या म्हणतो.

पहाटपळ्या:
कोच अगदीच चुकीचा नाही. २०१० च्या एका प्रयोगात काकडीच्या लोणच्याच्या पाण्याने गोळा साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला होता. पण इतक्या थोड्या वेळात त्यातलं मीठ रक्तात पोचतच नाही. घशातल्या आंबट चटक्यामुळे नसांना संदेश जातो आणि स्नायू सैल पडतो, असा अंदाज. तो खार व्हिनेगरचा असतो हं. आपल्या कैरीच्या लोणच्याचा तवंग आणि मोहरी तिसाव्या किलोमीटरला पिऊन पुढे काय होईल याची जबाबदारी मी घेणार नाही. बहुतेक गोळे दमलेल्या स्नायूंचे असतात, सुरुवातीला जोर लावणाऱ्यांना हमखास.

अबोली:
आणखी एक. आदल्या रात्री कार्ब लोडिंग म्हणून पास्ता खातात, ते कितपत खरं? आणि एकादशी आली तर?

पहाटपळ्या:
एका रात्रीचं जेवण पुरत नाही. दीड-दोन दिवस दर किलो वजनामागे १० ते १२ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला साडेपाचशे ग्रॅमच्या वर. एवढं पोळी-भाजीतून जात नाही, कोशिंबिरी-पालेभाज्या दोन दिवस बाजूला ठेवा. वरण-भात, गूळपोळी, बटाटा, साखरभात, सरबत. पास्त्याशी आपलं भांडण नाही, पण तो पोटाच्या सवयीचा हवा. वजन किलो-दोन किलो वाढेल, घाबरू नका, ग्लायकोजेनबरोबर तिप्पट पाणी साठतं. शर्यत पहाटे पाचला असेल तर तीनला उठून काहीतरी खायचंच: तूप न घातलेला मऊ भात, केळं, किंवा ब्रेड-जॅम.

एकादशी? अहो, साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८५ च्या वर कार्ब आहेत, देवाने धावपटूंचाच विचार केलाय. फक्त खिचडी तेला-तुपात आणि दाण्याच्या कुटात न्हाऊ घालू नका. खीर करा.

रात्रसायकल:
पळून आल्यावरचंही कुणीतरी लिहा. प्रोटीनच्या नावाने इथे सगळं वरणावर भागवतात. वाटीभर वरणात ५-६ ग्रॅम. दर किलोला दिवसाला १.२ ते १.६ लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७०-९५. दही, पनीर, उसळ, अंडी, सोया चंक्स, प्रत्येक जेवणात काहीतरी हवंच.

मीठभाकरी:
शेवटचा बावळट प्रश्न, मग झोपतो. सरबतात मीठ साधं की सैंधव? ग्रुपवर रोज भांडणं होतात.

आडगावचा डॉक्टर:
दोन्हींत सोडियम क्लोराईडच. इतर खनिजं चिमटीत मोजण्याइतकीही नसतात. घरात असेल ते आयोडीनवालं टाका, आणि डोळ्याने नव्हे, चमच्याने मोजून. पाव चमच्यात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं, लिटरभराला तेवढं पुष्कळ. फार घाम येणाऱ्याने, म्हणजे टोपीवर पांढरे डाग पडतात त्याने, थोडं वाढवून बघावं.